गजाआडची मुंबई

‘गजाआड’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तुरुंग येतो. तरीही मुंबईतला मध्यमवर्ग गेली नव्वद वर्षे राजीखुशीने आणि स्वतःच्या खर्चाने गजाआड राहतो आहे. खिडकीला गज, गॅलरीला आणि जिन्याला कठडा, लिफ्टला सरकती जाळी, तळमजल्यावर फाटक आणि फाटकावर लोखंडी अक्षरांत इमारतीचे नाव. दादर-माटुंग्याच्या एखाद्या गल्लीतून सावकाश चालत गेले, तर शंभर पावलांत वीस-पंचवीस तऱ्हांची लोखंडी नक्षी दिसते. इमारतीच्या नोंदीत वास्तुविशारदाचे नाव असते, मालकाचे असते, कधी सिमेंट पुरवणाऱ्याचेही असते. लोखंडकाम करणाऱ्याचे नसते.

मी गेली काही वर्षे हातात फूटपट्टी आणि वही घेऊन हे लोखंड मोजत फिरते आहे. निमित्त साधे होते. ज्या इमारती मला पाहायच्या होत्या, त्या एकेक करून दुरुस्तीला किंवा पाडकामाला निघू लागल्या. दुरुस्तीच्या बैठकीत प्लॅस्टर, पाइप, पाण्याची टाकी, गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांवर तासन्‌तास चर्चा होते आणि कठड्याचा निकाल पाच मिनिटांत लागतो, तोही बहुधा किलोच्या भावाने. म्हणून तो निकाल लागण्यापूर्वी या लोखंडाची हकिकत एकदा मांडावी असे वाटले.

सुरुवात शब्दांपासून करायला हवी, कारण आपण सरसकट ‘लोखंड’ म्हणतो त्यात तीन निराळ्या वस्तू आहेत. पहिली म्हणजे बीड. साच्यात ओतायचे, कठीण पण ठिसूळ. घणाचा जोरदार घाव बसला तर वाकत नाही, तडकते. दुसरे घडीव लोखंड. ते भट्टीत लाल करून ऐरणीवर ठोकून आकाराला आणतात. त्यात धाग्यांसारखे पदर असतात आणि ते गंजायला बराच वेळ घेते. तिसरे सौम्य पोलाद. कारखान्यातून सळया आणि पट्ट्यांच्या रूपात येणारे, स्वस्त, एकसारखे, वाकवायला सोपे. मुंबईच्या इमारतींवर ही तिन्ही ओळीने येऊन गेली आहेत, आणि कोणती वस्तू कोणत्या काळात आली यावरून शहराची कहाणी बऱ्यापैकी वाचता येते.

बीड विलायतेहून आले. एकोणिसाव्या शतकात ग्लासगोची वॉल्टर मॅकफर्लेन यांची सॅरासेन फाउंड्री छापील कॅटलॉग काढत असे. त्यातला खांब, कंस, कठडा निवडायचा, क्रमांक कळवायचा आणि माल जहाजाने यायचा. काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन, हे या पद्धतीचे टोक. १८६० च्या दशकाच्या अखेरीस तिचा लोखंडी सांगाडाच्या सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून इथे आणला आणि जोडला गेला. तिचे रचनाकार रोलंड मेसन ऑर्डिश. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या अवाढव्य छताच्या कामातही त्यांचा हात होता. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ याच इमारतीत झाला, हे सगळ्यांना ठाऊक असते. तिचे गॅलऱ्यांचे कठडे मात्र कुणी मान वर करून पाहत नाही. पुढे हॉटेल गेले, इमारतीचे तुकडे पडून त्यात बिऱ्हाडे आणि वकिलांच्या कचेऱ्या आल्या, आणि २००६ साली जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचे नाव लागले.

घडीव लोखंडाची हकिकत जास्त आपली आहे. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा सरकारकडे आल्यावर १८६६ च्या सुमारास तिथे तीन कार्यशाळा सुरू झाल्या. सजावटीची रंगकला जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे, मूर्तिकाम लॉकवुड किपलिंग यांच्याकडे आणि शोभेचे घडीव लोखंडकाम हिगिन्स यांच्याकडे. पैकी किपलिंग मुलाच्या पुण्याईने सगळ्यांना माहीत आहेत, ग्रिफिथ्स अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींमुळे अभ्यासकांना माहीत आहेत. हिगिन्स मात्र कुणालाच माहीत नाहीत. लोखंडवाल्यांचे नशीब तिथेही तेच. व्हिक्टोरिया टर्मिनस, ज्याला आता आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो, ते १८७८ ते १८८८ या काळात उभे राहिले. तिथल्या जिन्यांची आणि जाळ्यांची लोखंडी-पितळी वेलबुट्टी याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची. १८९१ मध्ये शाळेला जोडून रे आर्ट वर्कशॉप्स निघाल्या आणि कारागिरी रीतसर शिकवली जाऊ लागली. लोहाराच्या घरात जन्म न घेतलेल्या मुलाने शाळेत जाऊन भाता आणि ऐरण शिकायची, ही तेव्हा काही साधी गोष्ट नव्हती.

पण हे सगळे सरकारी आणि साहेबी इमारतींवर. सामान्य माणसाच्या घराशी शोभेच्या लोखंडाचा संबंध आला तो प्लेगमुळे, असे म्हटले तर चमत्कारिक वाटेल, पण ते खरे आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दाट वस्त्या फोडून रस्ते काढायला, उत्तरेला दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखायला सुरुवात केली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागा ही त्याच आखणीची फळे. पुढे शिवाजी पार्कचा परिसर वसला. दक्षिणेला बॅकबे भरावाने ओव्हलच्या पश्चिमेची आणि मरीन ड्राइव्हची जमीन मिळाली. या सगळ्या नव्या जागांवर १९३० ते १९५० च्या दरम्यान एक नवी चीज उभी राहिली, ती म्हणजे ‘ब्लॉक’. वाडा नाही, चाळ नाही. स्वतंत्र दार, घरात मोरी आणि संडास, पुढे छोटी गॅलरी.

चाळीच्या गॅलरीत सगळ्यांचा वावर असे. तिथला कठडा म्हणजे कपडे वाळत घालायची, गप्पांची, भांडणाची आणि मिरवणूक बघायची जागा. ब्लॉकची गॅलरी एकाच बिऱ्हाडाची. वाड्याच्या खिडकीचे गज उभे आणि सरळ असत, चोर येऊ नये एवढेच त्यांचे काम. ब्लॉकवाल्याला चोराची भीती होतीच, शिवाय आपण आता चाळीत राहत नाही हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायलाही हवे होते. गजाला नक्षी फुटली ती या गरजेतून, असे मला वाटते.

नक्षी कोणती, याचे उत्तर पॅरिसमध्ये आहे. १९२५ साली तिथे सजावटी आणि औद्योगिक कलांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. आज आपण ज्याला ‘आर्ट डेको’ म्हणतो ते नाव याच प्रदर्शनाच्या फ्रेंच नावातून, पण पुष्कळ नंतर, १९६० च्या दशकात रूढ झाले. त्या प्रदर्शनात धातुकामाचा राजा होता एदगार ब्राँ. त्याचा ‘ओअ‍ॅसिस’ नावाचा लोखंडी-पितळी पडदा आजही त्या शैलीचा नमुना म्हणून दाखवतात. गोठलेले कारंजे, म्हणजे वर उसळून दोन्ही बाजूंना वळलेल्या धारा, हा आकार त्या काळच्या धातुकामात सर्वत्र दिसू लागला. ब्राँचे वेगळेपण असे की त्याने घण सोडला नाही आणि यंत्रही नाकारले नाही. यांत्रिक हातोडे आणि गॅस वेल्डिंग वापरून तो मोठाले पडदे तुकड्यातुकड्यांनी तयार करी. पॅरिसच्या विजयकमानीखालच्या अनाम सैनिकाच्या ज्योतीचे पात्र त्यानेच १९२३ मध्ये घडवले. याच माणसाच्या कारखान्यातून पुढे ८१ मिलिमीटरची उखळी तोफ निघाली आणि अनेक देशांच्या सैन्यांनी ती उचलली. कारंजे घडवणारा हात तोफही घडवतो, याचे लोखंडाच्या धंद्यात कुणाला नवल वाटत नाही.

पॅरिस ते माटुंगा हा प्रवास नियतकालिकांतून, वास्तुविशारदांच्या विलायतवाऱ्यांतून आणि सगळ्यात जास्त सिनेमातून झाला. रीगल १९३३ मध्ये, मेट्रो आणि इरॉस १९३८ मध्ये. चार-आठ आण्यांच्या तिकिटात प्रेक्षकाला चित्रपटाबरोबर तिथला जिना, दिवे आणि पितळी कठडाही पाहायला मिळे. दरम्यान इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने १९३७ साली टाऊन हॉलमध्ये ‘आदर्श घर’ प्रदर्शन भरवले. नवे घर कसे असावे, स्वयंपाकघरात ओटा कसा असावा, दिवे कसे असावेत हे लोक तिथे पाहून गेले. याच वर्षाचा सूना महाल मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावर आजही उभा आहे. त्याचे वास्तुविशारद गजानन बाबुराव म्हात्रे. मराठी माणूस स्थापत्यात कुठे होता असे विचारणाऱ्यांना त्या कोपऱ्यावर नेऊन उभे करावे.

आणि माल? तोही आता विलायतेहून आणायची गरज उरली नव्हती. साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, टाटांच्या कारखान्यात १९१२ मध्ये पोलादाची पहिली लगड निघाली. १९२४ च्या कायद्याने देशी पोलादाला आयातीविरुद्ध संरक्षण मिळाले. १९३० नंतरच्या मुंबईत पट्टी आणि सळई सहज मिळू लागली. माझ्या मते मुंबईच्या आर्ट डेकोचे रूप ठरवण्यात पॅरिसइतकाच या पट्टीचा वाटा आहे. ब्राँची पाने-फुले घडवायला निष्णात लोहार आणि भरपूर पैसा लागतो. पट्टीच्या कामाला एक साचा, एक व्हाईस आणि दोन माणसे पुरतात. लाकडाच्या फळीवर खुंट्या ठोकायच्या, त्यांच्याभोवती थंडच पट्टी वाकवायची, अशी चाळीस वळणे एकसारखी काढायची आणि रिव्हेटने जोडायची. त्यातून उगवत्या सूर्याचे किरण निघतात, लाटा निघतात, पायऱ्यापायऱ्यांचे मनोरे निघतात, कारंजेही निघते. पाने-फुले तेवढी अवघड. म्हणूनच आपल्याकडे पाने-फुले कमी आणि सूर्य व लाटा अधिक.

अर्थात इथल्या माणसाने पॅरिसचे होते तसे घेतले नाही. कारंज्याच्या जागी कमळ आले. फाटकाच्या मध्यभागी ॐ आला, स्वस्तिक आले, दाराशी लक्ष्मी आली. फोर्टमधल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युअरन्सच्या १९३६ च्या इमारतीवर ना. ग. पानसरे यांनी शेतकरी, विणकर, कुंभार असे कष्टकरी दगडात उभे केले. त्याच वृत्तीची छोटी, निनावी आणि लोखंडी रूपे दादरच्या जिन्यांत आहेत. ओव्हलसमोरच्या इमारतींत डौल जास्त, गॅलऱ्यांचे कठडे बोटीच्या डेकसारखे आडव्या नळ्यांचे. दादर-माटुंग्यात खर्च जपून केलेला दिसतो. पुढच्या दर्शनी कठड्याला नक्षी आणि मागच्या बाजूला, जिथे भांडी घासायची, तिथे सरळ गज. ही काटकसर मला फार आवडते. नक्षी कुठे संपते ते पाहिले की पाहुणे कुठपर्यंत येत असत ते कळते.

जुने काम ओळखायचे असेल तर नक्षी पाहू नये, सांधा पाहावा. दोन पट्ट्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दोन्हींना अर्धा-अर्धा काप देऊन त्या एका पातळीत बसवलेल्या असतात. रिव्हेटचे डोके कानशीने घासून सपाट केलेले असते, पण रंगाच्या थरांवरून अंगठा फिरवला तर त्याचा पुसट उंचवटा लागतो. नंतरच्या काळात वेल्डिंग सरसकट झाले आणि सांध्यावर मेणबत्तीच्या ओघळासारखा गोळा दिसू लागला. हा अंगठ्याचा धडा मला रे रोडच्या एका वयोवृद्ध फॅब्रिकेटरने दिला. त्यांचे वडील राजापूरकडून मुंबईत येऊन गिरणीच्या वर्कशॉपात लागले आणि संध्याकाळी बाहेरची कामे घेत. ‘नक्षी कुणी पण काढतो, सांध्यात माणूस कळतो,’ असे ते म्हणाले.

इतके चांगले काम टिकले कसे आणि मग सडले कसे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. फाळणीनंतरच्या गर्दीत भाडेकरूला संरक्षण हवेच होते आणि त्याबद्दल कायद्याला दोष देण्याचे कारण नाही. पण मालकाचे उत्पन्न गोठले आणि खर्च वाढत गेले. पाडून नवे बांधण्यात त्याला रस उरला नाही आणि रंग लावण्यातही उरला नाही. इमारती तशाच राहिल्या. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले. त्याने उपकर बसवून इमारतींचे वर्ग पाडले: १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात. आर्ट डेको इमारतींचा बहर नेमका या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. मंडळाची दुरुस्ती म्हणजे टेकू, तुळई आणि प्लॅस्टर. तिच्या अंदाजपत्रकात नक्षीला रकाना नव्हता. गंजलेला कठडा काढून तिथे विटांची भिंत बांधणे हा सर्वांत सोपा उपाय होता, आणि तो शेकडो गॅलऱ्यांत झालेला दिसतो.

रहिवाशांनीही आपल्या परीने भर घातली. घरे लहान पडू लागली तेव्हा खिडकीच्या बाहेर फूट-दीड फूट पुढे आलेली पेटीसारखी ग्रील आली. तिच्यात तुळस आली, कांद्या-बटाट्याची टोपली आली, लोणच्याची बरणी उन्हाला बसली, मुलांना रस्ता बघायला जागा झाली. वास्तुप्रेमी मंडळी या पिंजऱ्यांवर फार तुटून पडतात. मला ते तितकेसे पटत नाही. ज्या शहरात चौरस फुटाला सोन्याचा भाव आहे तिथे माणूस हवेत चार चौरस फूट कमावणारच. आक्षेप घ्यायचा तर तो आगीचा घ्यावा. पूर्ण बंद पिंजऱ्यामुळे सुटकेची वाट बुजते, हे अग्निशमन दल वारंवार सांगत आले आहे. त्यात उघडता येणारी झडप ठेवणे हे काही अवघड काम नव्हे.

लोखंडाचे खरे शत्रू दोन, समुद्राची खारी हवा आणि सिमेंटात गाडलेले टोक. गंजलेले लोखंड मूळच्या दुपटीहून अधिक, कधी पाच-सहापट जागा मागते. कठड्याचा पाय जिथे काँक्रीटमध्ये रुतलेला असतो तिथे पाणी साचते, गंज फुगतो आणि आतून काँक्रीट फोडतो. वरची नक्षी ठणठणीत असते, पण खालचे चार बोटे लोखंड पापडासारखे झालेले असते. जुने कारागीर दगडात भोक पाडून त्यात शिसे ओतून गज बसवत आणि लोखंडावर पहिला हात शेंदराचा देत. शेंदूर म्हणजे शिशाचेच संयुग. तोच मारुतीच्या अंगावर आणि तोच मुंबईच्या कठड्यांवर. गंजाला तो उत्तम अडवतो, पण विषारी आहे. त्यामुळे आज जुना रंग खरवडताना तोंडाला चांगला मास्क लावणे आणि कोरडी धूळ न उडवणे गरजेचे आहे. पॉलिश पेपर घेऊन उघड्या तोंडाने घासत बसलेली पोरे मी पाहिली आहेत.

२०१८ च्या ३० जूनला बहारीनमधल्या मनामा इथे युनेस्कोच्या समितीने ओव्हलभोवतालच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशात घेतले. एकूण ९४ इमारती. आनंदच झाला. पण ओव्हल आणि मरीन ड्राइव्हला ते कवच मिळाले म्हणून हिंदू कॉलनीला मिळाले असे होत नाही. तिथे पुनर्विकासाचे गणित वेगळे आहे. चार मजली इमारतीच्या जागी वीस मजली आली की प्रत्येकाला थोडी मोठी जागा, लिफ्ट आणि पार्किंग मिळते. सत्तरीच्या जोडप्याने रोज तीन जिने चढावेत आणि मी खाली उभी राहून कठड्याचे कौतुक करावे, हे मलाच शोभत नाही. त्यामुळे पाडू नका असा सरसकट आग्रह मी धरत नाही. पाडण्यापूर्वी लोखंडाची मापे घ्या, छायाचित्रे घ्या आणि ते थेट दारूखान्याच्या भंगारात जाऊ देऊ नका, एवढे मात्र म्हणते. जुनी फाटके आणि कठडे ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात दिसतात. तिथून ती हॉटेलांच्या भिंतींवर जातात. कोणत्या गल्लीतून आली हे मात्र कुणी सांगू शकत नाही.

जिथे इमारत पाडायची नसून नीट करायची आहे, अशा दादरच्या एका सोसायटीचे काम मला जवळून पाहता आले. इमारत तीसच्या दशकातली, चार मजली. मालकाकडून रहिवाशांनीच विकत घेतलेली. जिन्याच्या कठड्याचे अकरा भाग. प्रत्येकात पायऱ्यांसारखे चढत जाणारे तीन टप्पे आणि त्यांच्या डोक्यावर अर्धा सूर्य. ठेकेदाराने पहिल्या अंदाजपत्रकात सगळा कठडा काढून चकचकीत स्टेनलेस स्टीलच्या नळ्या लावायचे सुचवले होते आणि जुने लोखंड भंगाराच्या भावाने वजा धरले होते. बैठकीत निम्म्यांना ते पटलेलेही होते. ‘स्टीलला रंग लागत नाही’ हा मुद्दा बिनतोड वाटत होता. तो तसा नाही. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे, पण समुद्राजवळ साध्या प्रतीच्या स्टीलवर वर्षा-दोन वर्षांत तपकिरी डाग पडतात. मॉलिब्डेनम असलेली महाग प्रत तुलनेने टिकते, आणि साध्या लोखंडाला स्टेनलेस चिकटवले तर खाऱ्या ओलीत शेजारचे लोखंड उलट लवकर खाल्ले जाते. पण बैठकीत निकाल रसायनशास्त्राने लागला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी विचारले, ‘मी पंचेचाळीस वर्षं त्या तिसऱ्या पट्टीला धरून चढते. नव्या नळीला मी धरायचं कुठे?’ गोल, गुळगुळीत, जाड नळी म्हाताऱ्या मुठीत मावत नाही, हा मुद्दा कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

मग काम सुरू झाले ते कागदापासून. अकराही भागांवर कागद धरून मेणखडू घासून ठसे घेतले, कारण हाताने केलेल्या कामात एकही भाग दुसऱ्यासारखा नसतो. पहिल्या आणि नवव्या भागात रुंदीचा पाऊण इंच फरक निघाला. प्लायवूडवर त्याच मापाचे नकाशे काढले. आठ भागांचे फक्त पाय सडले होते. ते सहा इंच कापून नवे पोलाद सांधले, जस्ताच्या वितळलेल्या कढईत बुडवून काढले आणि पाय लादीत न गाडता वर धातूच्या चकतीवर उभे केले, म्हणजे पाणी साचणार नाही. दोन भागांत काही पट्ट्या नव्याने वाकवाव्या लागल्या. रे रोडच्या त्या फॅब्रिकेटरांच्या हाताखाली उत्तर प्रदेशातून आलेला एक तरुण कारागीर आहे. त्याने लाकडी फळीवर खुंट्या ठोकून तसाच साचा बनवला आणि तिसऱ्या प्रयत्नात सूर्य जमवला. उंचीचा प्रश्न होताच. जुना कठडा आजच्या मानाने ठेंगणा, शिवाय मधल्या काही फटी लहान मुलाचे डोके जाईल एवढ्या. नक्षीला हात न लावता वर एक बारीक आडवी सळई वाढवली आणि फटींमागे ताणलेल्या तारा घेतल्या. सळईला मुद्दाम किंचित वेगळ्या छटेचा रंग दिला. १९६४ च्या व्हेनिस सनदेत सांगितले आहे की, नवा भाग जुन्याशी जुळावा, पण जुना म्हणून खपवला जाऊ नये. त्या तरुणाला सनद ठाऊक नव्हती. ‘आमचं काम आमचं दिसू दे’ असे त्याने स्वतःहून म्हटले.

खरा वाद झाला तो प्रवेशाच्या नव्या उतारावरून. चाकाच्या खुर्चीसाठी तळमजल्यावर उतार करायचा होता. तिथे पूर्वी काहीच नव्हते, त्यामुळे नक्कल करायलाही काही नव्हते. एकाने लेसरने कापलेल्या पत्र्याचा पर्याय आणला: त्यात जुन्या सूर्याचे चित्र हुबेहूब, शिवाय स्वस्त. आज नव्या टॉवरांच्या फाटकांवर पाने, पक्षी, बुद्धाचे चेहरे कापलेले जे पत्रे दिसतात, तेच तंत्र. मी त्याच्या विरुद्ध बोलले, पण त्या पर्यायात तथ्य होते हे इथे नोंदवायला हवे. आर्ट डेको ही यंत्रावर प्रेम करणारी शैली. चाळीस एकसारखी वळणे काढणाऱ्या त्या काळच्या कारागिराला लेसर मिळाला असता तर त्याने तो आनंदाने वापरला असता. माझा आक्षेप यंत्राला नाही, जाडीला आहे. पट्टीला कड असते. सकाळी दहाला आणि दुपारी चारला तिची सावली जिन्यावर वेगळी पडते. पत्र्याला नुसता चेहरा असतो. शेवटी उताराला साध्या पट्टीचा, नक्षी नसलेला कठडा आला. त्यात जुन्या कठड्यातले चढते तीन टप्पे तेवढे आडवे करून घेतले आणि मुठीत मावेल असा लाकडी हात वर बसवला.

लिफ्टच्या बाबतीत मात्र जुने राहिले नाही. सरकत्या जाळीचा दरवाजा, पितळी मूठ आणि जाळीतून एकेक मजला खाली जाताना दिसणे, हे सगळे लहानपणच्या आठवणींत कितीही गोड असले तरी जाळीत बोटे सापडतात. आपोआप मिटणारे दार बसले. जाळी जपून काढली आणि घडी घालून मीटरच्या खोलीत ठेवली.

अकरावा कठडा, तळाशी वळणावर असलेला, वाचण्यापलीकडे गेला होता. त्याच्या जागी नवा केला आणि जुन्याचा वरचा शाबूत भाग, सूर्य आणि दोन टप्पे, गंज थोपवून प्रवेशाच्या भिंतीवर लावला. काही सभासदांना तिथे एखाद्या चित्रकाराचे म्यूरल हवे होते, त्यासाठी थोडे पैसेही बाजूला काढले होते. ते पैसे मग त्या भिंतीवरच्या दिव्याला आणि शेजारच्या छोट्या पाटीला गेले. पाटीवर दुरुस्तीचे साल, फॅब्रिकेटर आणि त्या तरुण कारागिराचे नाव आहे. मूळ कारागिराच्या नावाची ओळ कोरी ठेवली आहे. काहींच्या मते ती ओळ बावळट दिसते.

मेणखडूचे अकरा ठसे सोसायटीच्या कपाटात, मालमत्ता कराच्या पावत्यांच्या फायलीखाली गुंडाळून ठेवले आहेत. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या एका इमारतीचे सचिव त्यांच्या प्रती मागून घेऊन गेले. त्यांच्याकडेही तोच सूर्य आहे, पण टप्पे चार आणि पट्टी एका सुताने जाड. साचा कदाचित तोच असावा. त्यांच्या इमारतीत अजून रंग खरवडलेला नाही, त्यामुळे सांधे पाहायला जायचे आहे.